बाबा, रागावू नका, ऑपरेशनची तारीख पुढे ढकललीय

प्रिय आई-बाबा,

बाबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मी पुढे ढकललीय. डॉक्टरांशी बोलूनच, त्यांचंही तेच मत होतं. पेपर वाचता येत नाही म्हणून तुमचा जीव किती कासावीस होतो ते मला कळतं हो, पण पापण्या सुजलेल्या, पापणीच्या केसांच्या मुळाशी कोंडा, सकाळी डोळा चिकटलेला, अशात ऑपरेशन नको. नंतर डोळ्याच्या आत इन्फेक्शन क्वचितच होतं, पण झालं तर नजर जाऊ शकते, आणि ते जंतू बहुतेक वेळा आपल्याच पापणीवरचे असतात, स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस, एरवी निरुपद्रवी. आत्याच्या वेळी काय झालं ते आठवतं ना, मला ते पुन्हा बघायचं नाहीये.

आणि ते ड्रॉप्स. डोळा लाल झाला की दोन दिवस घालायचे, बरं वाटलं की बंद, महिन्याने पुन्हा तीच बाटली. अशाने कमजोर जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि वाढतात, मग मॉक्सिफ्लॉक्सॅसिनसारखं जंतू मारणारं चांगलं औषधही खऱ्या गरजेला चालत नाही. त्यात तुमच्या बाटलीत स्टेरॉइड पण आहे, त्याने लाली उतरते म्हणून बरं वाटतं पण जंतू मरत नाहीत आणि डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं. म्हणून मागच्या वेळी कपाटातल्या सगळ्या बाटल्या मी टाकून दिल्या, शोधू नका.

घाबरायचं काही नाही. ऑपरेशनच्या आधी डोळ्यात पोव्हिडोन आयोडीन घालतात, त्यापुढे औषधाला न जुमानणारे जंतूही सहसा टिकत नाहीत. तोवर रोज रात्री फोनवर पेपर मी वाचून दाखवीन, अग्रलेखासकट. माझ्या डोळ्यात कचरा गेला की मांडीवर घेऊन किती हळू फुंकर घालायचात तुम्ही, आता थोडं माझं ऐका ना.

आई, तू लक्ष ठेव. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्याच्या घडीने शेक, मग पापण्या पुसायच्या, टॉवेल वेगळा. नवीन ड्रॉप्स डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस पूर्ण, बाटलीचं टोक डोळ्याला लावायचं नाही, उघडलेली बाटली 4 आठवड्यांनी फेकायची. एवढं करूनही बरं वाटलं नाही तर डॉक्टर नमुना लॅबला पाठवतील, कुठला जंतू आणि कुठलं औषध चालतं ते कळेल. दुखायला लागलं, उजेड सहन होईना किंवा अचानक कमी दिसायला लागलं तर माझ्या फोनची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

तुमची,
छकुली