खाडीत सोडायच्या पाण्यातले हार्मोन्स पण तपासा

संपादक महोदय,

सांडपाण्याच्या बाबतीत आपली नवी मुंबई बऱ्याच शहरांच्या पुढे आहे, कोपरखैरणे आणि ऐरोलीच्या प्लांटमधलं पाणी तर आणखी शुद्ध करून एमआयडीसीतल्या कंपन्यांना देतात, त्याचं कौतुक आहेच. पण नियमात तपासायचं काय तर बीओडी, सीओडी (पाण्यातल्या घाणीला किती ऑक्सिजन लागतो त्याची मापं), गढूळपणा, जंतू वगैरे, हार्मोन्स बिघडवणाऱ्या केमिकल्सचं नाव पण नाही!

ही केमिकल्स आपल्याच घरातून येतात. गर्भनिरोधक गोळ्यांमधलं इथिनिल इस्ट्राडायोल, प्लास्टिकमधलं बिस्फेनॉल ए, काही डिटर्जंटपासून बनणारं नॉनिलफिनॉल, शिवाय माणसांच्या लघवीतून जाणारे नैसर्गिक हार्मोन्स. गोळ्या घेणाऱ्या बायकांना दोष द्यायचा प्रश्नच नाही, पाणी साफ करणं हे प्लांटचं काम आहे. प्रमाण इतकं कमी असतं की लोक म्हणतात एवढ्याशाने काय होतंय, पण कॅनडात ओंटारियोमधल्या एका तळ्यात 2001 पासून तीन उन्हाळे हे गोळीतलं इस्ट्रोजेन मुद्दाम सोडून बघितलं, लिटरला फक्त 5-6 नॅनोग्रॅम, म्हणजे 100 कोटी लिटरमध्ये 5-6 ग्रॅम, आणि तेवढ्यानेच नर मासे बायकी व्हायला लागले आणि मिनो नावाची छोटी मासळी तळ्यातून जवळपास संपली.

प्लांटच्या टाकीतले बॅक्टेरिया नैसर्गिक हार्मोन्स बऱ्यापैकी खातात, गाळ जास्त दिवस ठेवला तर अजून चांगलं, पण इथिनिल इस्ट्राडायोल चिवट आहे, आणि काही केमिकल्स गाळाला चिकटून बसतात, मग तोच गाळ खत म्हणून गेला तर? अल्ट्राफिल्ट्रेशनच्या, म्हणजे पाणी गाळायच्या बारीक पडद्याची भोकं पण या रेणूंपेक्षा खूप मोठी असतात. ते रेणू मोडायला ओझोन वायू लागतो, त्याच्यामागे वाळूचा फिल्टर, नाहीतर ते शोषून घेणारा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन. स्वित्झर्लंडने 2016 पासून कायदाच केलाय, शंभरेक प्लांटमध्ये हे बसवतायत. युरोपियन युनियनने तर 2024 मध्ये ठरवलं की या जादा प्रक्रियेचा निदान 80 टक्के खर्च औषध आणि कॉस्मेटिक कंपन्यांनी द्यायचा, हे मला फार पटलं, सगळा बोजा पाणीपट्टीवर कशाला?

आपली ठाणे खाडी 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, फ्लेमिंगो तिथेच चरतात, आपले कोळी बांधव तिथलीच बोई, निवट्या, चिंबोऱ्या धरतात आणि आपण त्या खातो. म्हणून महापालिकेला कळकळीची विनंती, सगळीकडे एकदम नको, आधी एका प्लांटमध्ये येणारं पाणी, जाणारं पाणी आणि गाळ तिन्ही तपासा, उन्हाळ्यात वेगळं, पावसाळ्यात वेगळं, आणि आकडे वेबसाइटवर टाका. ओझोन घ्यायचा की कार्बन हे त्या आकड्यांवरून ठरवता येईल.

– एक वाचक, ऐरोली