पाच मिनिटं एकट्यानं बोलू द्या

मा. आरोग्यमंत्री,
सविनय नमस्कार.

मी मुलांची डॉक्टर आहे. चौदा-पंधरा वर्षांचं मूल तपासायला येतं तेव्हा बोलतात ते आई-वडील. ‘हिचं पोट दुखतं’, ‘हा नीट जेवत नाही’. मूल खाली मान घालून बसतं. पालकांना पाच मिनिटं बाहेर थांबायला सांगितलं, की पुष्कळदा वेगळंच काही समोर येतं. पोटदुखीमागे पाळीचा असह्य त्रास असतो, शाळेतल्या कुणाची तरी दहशत असते. जीव नकोसा झालाय, हेही मी अशाच पाच मिनिटांत ऐकलं आहे. आज ही पाच मिनिटं डॉक्टरच्या मर्जीवर आहेत. ती नियमात आणा, एवढ्यासाठी हे पत्र.

पालकांना दूर ठेवा, असं माझं म्हणणं नाही. मुलाच्या जिवाला धोका असेल, अत्याचार होत असेल, तर गुप्तता मोडावीच लागते. मात्र ही मर्यादा मुलाला आधी सांगायला हवी. १९८९ च्या संयुक्त राष्ट्र बालहक्क करारात पालकांच्या मार्गदर्शनाचा अधिकार मान्य आहे, आणि ते मार्गदर्शन मुलाच्या वाढत्या समजेला धरून असावं, असंही त्यातच म्हटलं आहे.

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ हे किशोरवय धरते. आपल्या आरोग्याच्या आकडेवारीचे तक्ते मात्र बहुधा चौदापर्यंत एक गट आणि पंधरापासून दुसरा असे असतात. एकच वय मधोमध कापलं जातं, मग त्याच्या गरजा वेगळ्या दिसतच नाहीत. दवाखान्यातही तेच. टाइप १ मधुमेह किंवा फेफरं असलेलं मूल ठरावीक वयाला बालरोग विभागातून बाहेर पडतं, आणि पुढच्या डॉक्टरांकडे त्याला हाताला धरून नेणारं कुणी नसतं. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याच मुलांची. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन थांबलं तर काही दिवसांत जिवावर बेततं.

किशोरांची ओपीडी शाळा सुटल्यावर ठेवा. ९ ते १४ वयात गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी एचपीव्हीची लस घ्यायला मुली येतात. त्याच भेटीत रक्तक्षय तपासा, मनाची विचारपूस करा.

आणि सुरुवातीला निदान केसपेपरवर एक ओळ छापून घ्या: ‘रुग्णाशी एकट्यानं बोलणं झालं का?’

आपली,
एक बालरोगतज्ज्ञ