पोर्टेबल क्रेनचा वजनाचा क्लॅम्प सटकला, आणि खोक्यावरचे "८ किलो" खोटे आहेत - तक्रार

प्रति,
कस्टमर केअर मॅनेजर साहेब / मॅडम,

नमस्कार. तुमच्या कंपनीची ९ फुटी फोल्डिंग जिब क्रेन (पुढच्या टोकाला कॅमेरा आणि मागे तोलासाठी वजनाच्या प्लेटा लावायचा लांब दांडा) मी ट्रायपॉडसकट घेतलीय, बिल आणि सिरीयल नंबरचा फोटो सोबत जोडलाय. मी कराडचा, लग्नं, हळदी, साखरपुडे, गावच्या यात्रा असं शूटिंग करतो आणि त्यावरच घर चालतं. फोनवर तुमच्या माणसाने "सर लोड जास्त झाला असेल" म्हणून विषय संपवला, म्हणून आता सगळं लिहून पाठवतोय, कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

हळदीच्या कार्यक्रमाला लॉनवर क्रेन लावली होती. कॅमेरा, लेन्स, केज (कॅमेऱ्याभोवतीची चौकट) आणि हेड (कॅमेरा बसवायचा भाग) मिळून ३ किलो, म्हणजे तुमच्या खोक्यावरच्या आकड्याच्या निम्मा पण नाही. टॉप शॉट चालू होता, कॅमेरा पूर्ण वर आणि मागचा रॉड खाली झुकलेला, अशा वेळी मागच्या प्लेटांचं सगळं वजन त्यांना रॉडवर धरून ठेवणाऱ्या एका क्लॅम्पवर येतं आणि नेमका तोच सटकला. प्लेटा रॉडच्या टोकाला सरकल्या आणि धाडकन खाली पडल्या, मागचं वजन गेल्याबरोबर पुढची बाजू जड झाली आणि कॅमेरा खाली बसलेल्या बायकांच्या अंगावर यायला लागला. असिस्टंट पोराने मागचा रॉड जीव खाऊन खाली दाबून धरला आणि मी बूम (क्रेनचा लांब दांडा) बाजूला फिरवला म्हणून कुणाला लागलं नाही. लेन्स स्टेजच्या रेलिंगला आपटली आणि तिचा माउंट (कॅमेऱ्याला जोडायचा भाग) वाकला. तिथे एक बाई तान्हं बाळ मांडीवर घेऊन बसली होती साहेब, लेन्सचं जाऊ द्या, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

नंतर क्लॅम्प खोलून बघितला तर आतले आटेच गेलेत. बोल्ट स्टीलचा आणि क्लॅम्पची बॉडी ॲल्युमिनियमची, आणि ही वस्तू प्रत्येक शूटला काढायची-घालायची असते, म्हणजे मऊ धातूचे आटे झिजणारच ना. आमच्या इथल्या लेथवाल्याने हातात घेतल्या घेतल्या सांगितलं की आत स्टीलची बुश (आटे असलेली छोटी नळी) पाहिजे होती आणि रॉडच्या टोकाला आरपार भोक पाडून पिन पाहिजे होती, म्हणजे क्लॅम्प सुटला तरी प्लेट बाहेर पडणार नाही. त्याने मला तशी पिन करून पण दिली. एवढी साधी गोष्ट तुमच्या डिझाइनवाल्यांना सुचू नये?

आता तुमच्या "जास्त लोड"चं बघू. तुमच्याच माहितीपत्रात क्रेन पूर्ण लांबवल्यावर पुढचा भाग ९ फूट आणि मागचा २ फूट दिलाय, म्हणजे तोल साधायला मागे कॅमेऱ्याच्या साडेचार पट वजन. ३ किलोच्या कॅमेऱ्याला मागे साडेतेरा किलो लागतं, शिवाय बूमच्या स्वतःच्या वजनाचं वेगळं. खोक्यावर मोठ्या अक्षरात "८ किलो पर्यंत कॅमेरा" लिहिलंय, म्हणजे मागे ३६ किलो आणि दोन्ही मिळून ४४ किलो, आणि त्याच खोक्यातल्या ट्रायपॉडवर स्टिकर आहे कमाल ३० किलोचा! मग ८ किलोचा कॅमेरा लावायचा कशावर? पुढचा भाग ६ फुटांवर ठेवला तर तीन पट होतं, मागे २४ किलो, तरी एकूण ३२ होतात आणि बूमचं वजन अजून धरलेलंच नाही. कुठल्या लांबीला किती कॅमेरा आणि मागे किती वजन याचा तक्ता माहितीपत्रात कुठेच नाही. नवीन पोरं कर्ज काढून हे सामान घेतात, खोक्यावरचा आकडा बघून मोठा कॅमेरा चढवतात, त्यांनी काय करायचं?

माहितीपत्रातल्या चित्रांत तर आधी मागे प्लेटा आणि मग पुढे कॅमेरा असा क्रम दाखवलाय. हे उलटं आहे. कॅमेरा आधी लावायचा, मग वजन थोडं थोडं चढवायचं, आणि उतरवताना आधी वजन काढायचं, मग कॅमेरा. उतरवताना कॅमेरा आधी काढला तर मागची बाजू आदळते आणि पुढचा बूम वर उसळून माणसाचा जबडा फोडू शकतो. विजेच्या तारांबद्दलही एक ओळ नाही, आणि ९ फुटी ॲल्युमिनियमचा बूम घेऊन आम्ही गावातल्या वरातीत तारांखालून फिरतो.

सर्व्हिस सेंटरने अजून एक सांगितलं की तुम्ही धंद्यासाठी वापरता म्हणून वॉरंटी नाही आणि तुम्ही ग्राहकसुद्धा नाही. हे चुकीचं आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये स्पष्ट आहे की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू व्यापारी कारणात धरत नाहीत. क्रेन मीच चालवतो, माझी काही कंपनी नाही. सदोष माल आणि अपुऱ्या सूचना यामुळे नुकसान झालं तर उत्पादकाची जबाबदारी पण त्याच कायद्यात आहे.

मला क्रेनचे पूर्ण पैसे परत पाहिजेत आणि लेन्स दुरुस्तीचा खर्च पाहिजे, दुरुस्तीचं बिल जोडलंय. बदली क्लॅम्प पाठवून मिटवू नका, तोच माल परत आला तर तेच होणार. आणि हे माझ्या पैशांपेक्षा महत्त्वाचं आहे, ज्या ज्या लोकांना ही क्रेन विकली त्यांना फोन करा, मेसेज करा, क्लॅम्प वापरू नका म्हणून सांगा आणि पिनवाला स्टीलचा क्लॅम्प फुकट पाठवा. लग्नाचा सीझन चालू आहे, रोज कुठेतरी माणसांच्या डोक्यावर ही क्रेन फिरतेय. खोक्यावरचा ८ किलोचा आकडा काढा आणि वजनाचा तक्ता मराठी-हिंदीत छापा.

१५ दिवसांत लेखी उत्तर द्या, फोन नको. नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवणार आणि साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते. तुटलेला क्लॅम्प आणि त्या दिवशीचं फुटेज जपून ठेवलंय, तपासायला माणूस पाठवायचा असेल तर कराडला पाठवा, समोर खोलून दाखवतो.

आपला ग्राहक,
कराड, जि. सातारा
(सोबत: बिल, क्लॅम्प व स्टिकरचे फोटो, लेन्स दुरुस्तीचं बिल)