खाडा न करता गोळ्या मिळू द्या

महोदय,

टीबीचे रुग्ण औषध अर्धवट सोडतात अशी बातमी आली की रुग्णाच्या निष्काळजीपणाला बोल लावून सगळे मोकळे होतात. आरोग्य सेविका म्हणून मी मुंबईत गोवंडीच्या शिवाजीनगरात घरोघर फिरले आहे. औषध कधी सुटणार, हे बहुतेक वेळा आधीच दिसत असतं.

टीबीवरच्या रिफाम्पिसिन या औषधाने लघवी नारिंगी होते. हे कुणी सांगितलं नसेल, तर बाई सार्वजनिक संडासातून घाबरून घरी येते. रक्त जातंय समजून गोळ्या बंद करते. विचारणार कुणाला? सासरी आजाराचाच पत्ता नसतो.

यातून निभावलं तरी दोन महिन्यांनी खोकला थांबतो, वजन भरतं. अजून चार महिने गोळ्या कशाला, असं धडधाकट वाटणाऱ्याला वाटणारच. जरीच्या कारखान्यातला पोरगा तोवर कामावर परतलेला असतो. टीबीच्या गोळ्या देणारा दवाखाना दुपारीच बंद होतो, कारखाना रात्रीपर्यंत चालू. गोळ्या आणायच्या तर खाडा. कारण शेठला सांगावं, तर रोजगाराबरोबर झोपायची जागाही जाते. तो झोपतो तिथेच.

मग गावची गाडी. टीबी रुग्णांच्या नोंदीचं सरकारी ‘निक्षय’ पोर्टल देशभर एकच असल्याने रुग्णाची नोंद गावाकडच्या केंद्राला पाठवता येते. पण तिकीट कधीचं आहे, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. गोळ्या चुकल्यावर फोन जातो, तेव्हा माणूस उत्तर प्रदेशात पोचलेला असतो.

टीबी रुग्णाला सरकारकडून खात्यात मिळणारे पोषणाचे पैसे २०१८ पासून महिना पाचशे होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. चांगलंच झालं. रिकाम्या पोटी या गोळ्यांनी मळमळतं, हे घेणाऱ्यालाच ठाऊक. मात्र ज्यांचं बँक खातंच धड नाही, त्यांना त्याचा काय उपयोग? आणि २०२४ च्या सुरुवातीला देशात गोळ्यांचाच तुटवडा पडला, तेव्हा नेमाने औषध घेणाऱ्यांचीही पंचाईत झाली. तो खाडा कुणाच्या नावावर मांडायचा?

महापालिकेचे अनेक ‘आपला दवाखाना’ रात्री दहापर्यंत चालतात. टीबीच्या गोळ्या प्रत्येक ठिकाणी संध्याकाळनंतरही मिळाव्यात. उपचार सुरू करतानाच कामाची वेळ आणि गावी जायचा महिना कार्डावर लिहून घ्यावा, आणि निघण्याआधी पुरतील एवढ्या गोळ्या हातात द्याव्यात.

– एक निवृत्त आरोग्य सेविका, गोवंडी