जेनिफर केंडल यांची नोंद अपुरी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबईतल्या पृथ्वी थिएटर या नाट्यगृहावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. त्यात अभिनेत्री जेनिफर केंडल यांच्या वाट्याला 'शशी कपूर यांच्या ब्रिटिश पत्नी' एवढेच शब्द आले आहेत. सोबतच्या 'शेक्सपिअर वाला'मधल्या छायाचित्रातली नायिकाही जेनिफर असल्याचे छापले आहे. ती त्यांची धाकटी बहीण फेलिसिटी. १९६५च्या त्या चित्रपटात शशी कपूर ज्या तरुणीच्या प्रेमात पडतात ती प्रत्यक्षात त्यांची मेहुणी, आणि फिरत्या नाटक मंडळीचे जोडपे म्हणजे सासू-सासरे, लॉरा लिडेल आणि जेफ्री केंडल. जेनिफरही त्यात आहेत, पण अगदी छोट्या भूमिकेत. एकाच घरातली इतकी माणसे पडद्यावर असल्यावर गोंधळ व्हायचाच! फेलिसिटी पुढे लंडनला गेल्या, 'द गुड लाइफ' या मालिकेने ब्रिटनभर पोचल्या आणि १९९३मध्ये टॉम स्टॉपर्ड यांच्या 'आर्केडिया' या नाटकाच्या मूळ संचात होत्या. थोरली मात्र १९५८मध्ये लग्न करून मुंबईत राहिली. म्हणूनच कदाचित तिच्या कामाचा हिशेब ना तिकडे नीट मांडला गेला, ना इकडे.

जेनिफर यांचा जन्म इंग्लंडमधल्या साउथपोर्टचा, पण त्या घडल्या वडिलांच्या 'शेक्सपिअराना' कंपनीत. ही मंडळी भारतभर हिंडत असे. आज शाळेचा हॉल, उद्या एखाद्या संस्थानिकाचा राजवाडा. उत्पल दत्त आणि शशी कपूर हे दोघेही या कंपनीत काम केलेले. फिरत्या कंपनीत माणसे मोजकी आणि पात्रे वीस-पंचवीस, तेव्हा एका नटाने दोन-तीन भूमिका करायच्या आणि मधल्या मिनिटभरात कपडे बदलायचे, हे ओघाने आलेच. शाळेच्या हॉलची वेगळीच अडचण असते. उघड्या भिंती आणि फरशी यांमुळे आवाज घुमतो. नट जितका ओरडेल तितका घुमारा वाढतो आणि एका शब्दाचा शेवट पुढच्या शब्दावर चढतो. त्यावर उपाय आवाज चढवण्याचा नाही. व्यंजने स्पष्ट तोडायची आणि वाक्याच्या शेवटी हॉलला क्षणभर उसंत द्यायची. ही शिस्त कानाला लागते ती अशा दौऱ्यांतच. जेनिफर यांचे पडद्यावरचे बोलणे लक्ष देऊन ऐकले तर ती जागोजागी सापडते.

त्यांचे चित्रपट थोडे. 'बॉम्बे टॉकी' (१९७०), 'हीट अँड डस्ट' (१९८३), सत्यजित राय यांच्या 'घरे बाइरे'तली मिस गिल्बी. श्याम बेनेगल यांच्या 'जुनून'मध्ये १८५७च्या धामधुमीत मुलीला सांभाळणारी मरियम त्यांनी केली. तिचा दरारा असा, की तिला आपल्या घरी नेऊन ठेवणारा पठाणच तिच्यापुढे अवघडतो. या साऱ्यांत वरचढ मात्र '३६ चौरंगी लेन' (१९८१). दिग्दर्शिका अपर्णा सेन यांचा हा पहिलाच चित्रपट, निर्माते शशी कपूर. कोलकात्यात शेक्सपिअर शिकवणारी एकाकी अँग्लो-इंडियन शिक्षिका व्हायोलेट स्टोनहॅम जेनिफर यांनी उभी केली तेव्हा त्या पन्नाशीच्या आतल्या होत्या. व्हायोलेटचा म्हातारा भाऊ एडी झाले आहेत खुद्द जेफ्री केंडल. बाप-लेक भाऊ-बहीण म्हणून समोरासमोर बसतात आणि कुठेही खटकत नाही. ही करामत एकट्या रंगभूषेची नाही. व्हायोलेट नटी नाही, शिक्षिका आहे. त्यामुळे शेवटी भटक्या कुत्र्यासमोर 'किंग लिअर'च्या ओळी म्हणताना ती त्या पाठ असल्यासारख्या म्हणते, सादर करत नाही. ज्या बाईचे बालपण शेक्सपिअर सादर करण्यात गेले तिने ते सादरीकरण गिळून टाकावे, हे अवघड काम. या भूमिकेसाठी त्यांना बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट पुरस्काराचे नामांकन मिळाले. त्या वर्षी पुरस्कार कॅथरिन हेपबर्न यांना गेला.

आता पृथ्वीविषयी. जुहूच्या जागेचा भाडेपट्टा १९७२मध्ये संपला, त्याच वर्षी शशी यांचे वडील पृथ्वीराज कपूर गेले. पुढे शशी आणि जेनिफर यांनी न्यास स्थापून तिथे नाट्यगृह उभारले. वास्तुरचनाकार वेद सेगन. ५ नोव्हेंबर १९७८ला ते उघडले आणि सप्टेंबर १९८४मध्ये लंडनमध्ये कर्करोगाने निधन होईपर्यंत त्याचा डोलारा मुख्यतः जेनिफर यांनी सांभाळला. तिथले पहिले नाटक आपल्या गो. पु. देशपांडे यांचे 'उद्ध्वस्त धर्मशाळा', हिंदीतून. कलावंत नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, बेंजामिन गिलानी. मराठी वृत्तपत्राने तरी हे वगळायला नको होते.

लेखात या रंगमंचाला 'छोटासा' म्हणून सोडून दिले आहे. खरा फरक आकाराचा नाही, रचनेचा आहे. सुमारे दोनशे खुर्च्या, त्याही मंचाच्या तीन बाजूंना. प्रेक्षक फक्त समोर बसतात अशा शिवाजी मंदिरात बसवलेले नाटक तसेच्या तसे इथे आणले की फसते ते यामुळे. दिवाणखान्याच्या बाजूच्या भिंती उभ्या केल्या तर दोन बाजूंचे प्रेक्षक आंधळे होतात, म्हणून उंच नेपथ्य फक्त मागे, पुढे सगळे कमरेखालचे. मधोमध सोफा ठेवून त्यावर दोघांना बसवले की कोणत्या तरी बाजूला अख्खा प्रवेशभर पाठच दिसते. पात्रे तिरक्या रेषेत उभी करावी लागतात आणि त्यांना हलायला सबळ कारण द्यावे लागते. नेहमीचे समोरून तिरके टाकलेले दिवे पलीकडच्या प्रेक्षकांच्या डोळ्यांत जातात. ते अधिक उभे करावेत, तर डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते. मग एका भागाला दोन दिव्यांऐवजी तीन-चार बाजूंनी दिवे लागतात आणि तालमीत प्रकाशयोजनेला एक दिवस जास्त द्यावा लागतो. दर्शनी पडदा नाही, त्यामुळे सामान काळोखात हलवायचे. ते दहा-पंधरा सेकंदांत हलले नाही तर प्रेक्षक कुजबुजू लागतात, आणि एवढ्या जवळून ती कुजबुज नटाला शब्दन् शब्द ऐकू येते. उशिरा येणाऱ्याला आत सोडत नाहीत, हा कडकपणा अनेकांना जाचतो. पण अशा मंचावर दार उघडले तर बाहेरचा उजेड नुसता प्रेक्षकांत पडत नाही, थेट प्रवेशात शिरतो.

आपले,
प्रायोगिक रंगभूमीवरचे काही तंत्रज्ञ, मुंबई