धान्य केंद्राचा प्रमुख कोणाला करावे?

फिनिक्स, अ‍ॅरिझोना
९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आप्पांस,
साष्टांग नमस्कार.

अतिवृष्टीत ज्यांचे सोयाबीन हातचे गेले, अशा घरांसाठी गावातली तरुण मुले धान्य केंद्र काढणार आहेत आणि त्याचा प्रमुख कोण असावा यावरून पारावर दोन तट पडले आहेत, हे तुमच्या फोनवरून समजले. मी दर शनिवारी इथल्या अशाच एका केंद्रात कामाला जाते म्हणून तुम्ही माझे मत विचारलेत. ते जरा सविस्तर लिहिते.

इथे फूड बँक म्हणजे मोठे गोदाम. दुकाने, शेतकरी आणि सरकार यांच्याकडून माल घेऊन ती वस्त्यांमधल्या लहान केंद्रांना, म्हणजे पँट्रींना, पुरवते. जगातली पहिली फूड बँक याच शहरात १९६७ साली जॉन व्हॅन हेंगल यांनी सुरू केली. (बहात्तरच्या दुष्काळात आपण ज्या देशाची लाल मिलो ज्वारी रेशनवर आणून खाल्ली, तिथेही धान्यासाठी रांग लागते, हे आजीला सांगितले असते तर तिला पटले नसते.)

आमच्या पँट्रीत कोणालाच पगार नाही. पगार नसलेल्या माणसावर हुकूम चालवला, तर तो भांडत बसत नाही, पुढच्या शनिवारी येतच नाही. तरीही आमच्या प्रमुख बाई, ज्या निवृत्त परिचारिका आहेत, शिस्तीला फार कडक आहेत. मात्र ही शिस्त त्या आम्हा काम करणाऱ्यांना लावतात. रांगेतल्या माणसाला तिची झळ लागू देत नाहीत. सरकारी मालासाठी कुटुंबाने आपले उत्पन्न स्वतः सांगून सही केली की आमच्याकडे पुरते. मागे एका स्वयंसेवकाने एका म्हाताऱ्याला, "तुमच्याकडे तर गाडी आहे," असे सर्वांदेखत ऐकवले. बाईंनी आवाज चढवला नाही. त्या मुलाला आत कांदे निवडायला पाठवले, स्वतः टेबलाशी उभ्या राहिल्या, म्हाताऱ्याला हवी ती कडधान्ये फळीवरून निवडू दिली आणि केंद्र बंद झाल्यावर त्या मुलाशी एकटीने बोलल्या. तो मुलगा अजून येतो.

दुसरी गोष्ट मला त्याहून अवघड वाटते. प्रमुखाला देणाऱ्यालाही नाही म्हणता आले पाहिजे. चांगल्या हेतूने दिलेल्या अन्नाबद्दल दात्याला कोर्टाची भीती राहू नये, असा कायदा इथे १९९६ साली झाला, त्यामुळे दुकानदार मोकळ्या हाताने देतात. पण फुगलेला किंवा शिवणीवर चेपलेला डबा बाई दात्यासमोरच बाजूला काढतात, मग दाता कितीही मोठा असो. आपल्याकडे डब्यांचा प्रश्न येणार नाही, फोटोचा येईल. दहा किलो गहू द्यायचे आणि घेणाऱ्या बाईच्या शेजारी उभे राहून फोटो काढायचा, तोही फ्लेक्सवर लावायचा, हे थांबवण्याची धमक ज्याच्यात नाही त्याच्या हाती किल्ली देऊ नये. मदत घेणाऱ्या घरातली लेकरे त्याच शाळेत जातात.

सरपंचांच्या पुतण्याचे नाव पुढे आहे असे तुम्ही म्हणालात. त्याच्या ओळखी आहेत, औशाच्या आणि लातूरच्या बाजारातून तो गाडीभर माल आणू शकेल. ते काम त्याला जरूर द्यावे आणि मानही द्यावा. वाटपासाठी मात्र मला अंगणवाडीच्या ताई योग्य वाटतात. साठ्याची नोंदवही ठेवण्याचा त्यांना सराव आहे आणि कोणत्या घरची माणसे मागायला येणार नाहीत, हेही त्यांना ठाऊक असते. त्यांच्यावर आधीच कामाचा बोजा फार आहे, म्हणून दोन मुली सोबत द्या आणि पहिल्या महिन्यातच एक वाटप ताईंशिवाय करून पाहा. त्या दिवशी जिथे काम अडेल, तेवढेच मुलींना शिकवायचे राहिले आहे असे समजा.

थोडे पैसे मी पुढच्या आठवड्यात पाठवते. त्यातून तूरडाळ आणि तेल घ्यावे. ज्वारी-गहू गावातून गोळा होतील, डाळ होणार नाही. पावती केंद्राच्या नावाने करावी, माझे नाव कुठेही लावू नये.

आईस साष्टांग नमस्कार. गुडघ्याचे औषध ती वेळेवर घेते का, तेही कळवा.

तुमची लेक