दादा, चिऊला फिजिक्स घेऊ दे

हायडेलबर्ग

दादा, वहिनी,

परवा फोनवर दादा तू विचारलंस की फिजिक्स करून चिऊ पुढे करणार काय, आणि शेवटी आत्यासारखं सॉफ्टवेअरच लिहायचं असेल तर सरळ कॉम्प्युटर इंजिनिअरिंग का नको. प्रश्न रास्त आहे, पण फोनवर धड उत्तर देता आलं नाही म्हणून बसून लिहितेय, वेळ काढून वाच आणि चिऊलाही दे.

एमएस्सीच्या सुट्टीत मी कुलाब्याला टीआयएफआरला, म्हणजे टाटांच्या मूलभूत संशोधन संस्थेत जायचे ते आठवत असेल, चर्चगेटला उतरून नेव्हीनगरची बस. तिथे तेव्हा जिनिव्हाच्या सर्न या कण-संशोधन प्रयोगशाळेतल्या सीएमएस डिटेक्टरसाठी, म्हणजे कण टिपणाऱ्या प्रचंड यंत्रासाठी, प्लॅस्टिकच्या टाइल्स बनत होत्या, सेंटिमीटरभर जाड, त्यात खाचा पाडलेल्या आणि खाचांत बारीक फायबर बसवलेलं. टाइलमधून कण गेला की अगदी मंद प्रकाश पडतो, तो फायबर पकडून पुढे नेतो. बाहेरचा उजेड आत शिरू नये म्हणून वरून काळं आवरण. आणि टेस्ट करायला कण विकत आणावे लागत नाहीत, आकाशातून म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखेच पण जड कण, येतच असतात, तळहात पसरला तर सेकंदाला साधारण एक त्यातून आरपार जातो. स्क्रीनवर त्या एका म्युऑनची पल्स पहिल्यांदा बघितली तेव्हाच माझं ठरलं होतं, बाबांना मात्र सांगितलं बऱ्याच उशिरा.

पुढे जर्मनीत पीएचडी, मग पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधन, त्याच सीएमएसवर. लोकांना वाटतं शास्त्रज्ञ दिवसभर फळ्यावर समीकरणं लिहितात, पण माझा बहुतेक दिवस सी प्लस प्लसचा कोड लिहिण्यातच जायचा, कारण सर्नच्या २७ किलोमीटरच्या रिंगमध्ये प्रोटॉनचे गठ्ठे सेकंदाला ४ कोटी वेळा एकमेकांतून जाऊ शकतात आणि त्यातले सेकंदाला हजारभरच टकरींचे प्रसंग साठवता येतात, बाकीचे जागच्या जागी टाकून द्यावे लागतात. काय ठेवायचं हे कोडच ठरवतो, आणि तो लिहिणाऱ्याला फिजिक्स कळत नसेल तर हवं तेच कचऱ्यात जाईल. हिग्ज या नव्या कणाच्या खुणा डिसेंबर २०११ मध्येच दिसत होत्या तरी कोणी 'सापडला' म्हटलं नाही, आणखी डेटा घेतला आणि ४ जुलै २०१२ ला जाहीर केलं. ५ सिग्मा लागतात त्याला, म्हणजे नवा कण नसतानाही नुसत्या योगायोगाने आलेखात तेवढा उंचवटा दिसायची शक्यता साधारण ३५ लाखांत १. थांबायची ही शिस्त मला तिथे लागली, आणि तिचा मला आजही अभिमान वाटतो.

आता नोकरीचं, ते लपवून उपयोग नाही. इथल्या कायद्याप्रमाणे युनिव्हर्सिटीत तात्पुरत्या करारावर पीएचडीआधी ६ आणि नंतर ६ वर्षं, पुढे बहुतेकांना पर्मनंट जागा तरी मिळवावी लागते नाहीतर बाहेर पडावं लागतं, आणि त्या जागा फार थोड्या. शेवटची काही वर्षं मी मेडिकलच्या मुलांना फिजिक्सचं प्रॅक्टिकल शिकवायचे, लंबक मोजून गुरुत्वाकर्षण काढायचं आणि उत्तरापुढे अधिक-उणे किती ते लिहायचं. मुलं दशांशाचे सात आकडे लिहून आणायची, त्यातले किती खरे ते विचारलं की गप्प. मला ते शिकवणं मनापासून आवडायचं, ती काही जागा मिळेपर्यंतची सोय नव्हती.

आणि आता जे करते ते. कॅन्सरवर प्रोटॉनने उपचार करतात, आपल्याकडे खारघरला टाटाचं सेंटर आहे, त्याचं प्लॅनिंग करणाऱ्या सॉफ्टवेअरवर मी काम करते. प्रोटॉन शरीरात शिरला की थांबायच्या जरा आधी सगळ्यात जास्त ऊर्जा सोडतो आणि पुढे जवळजवळ काहीच जात नाही, म्हणून गाठीमागचा अवयव वाचवता येतो. १५० एमईव्ही ऊर्जेचा प्रोटॉन पाण्यात १६ सेंटिमीटरच्या आसपास जातो. पण सीटी स्कॅनवरून हे अंतर काढताना ३ टक्के इकडेतिकडे धरावं लागतं, म्हणजे १६ सेंटिमीटरला जवळजवळ ५ मिलिमीटर, आणि मागे मज्जारज्जू असेल तर ५ मिलिमीटर म्हणजे काय ते वहिनी तुम्हाला सांगायला नको, तुम्ही नर्स आहात. हा हिशोब आम्ही ज्या जियंट४ने पडताळून बघतो तो मुळात डिटेक्टरसाठी फिजिक्सवाल्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम आहे, सीएमएसवरही मी तोच वापरायचे. म्हणून दादा, फिजिक्स सोडून सॉफ्टवेअरमध्ये गेले असं तू नातेवाईकांना सांगतोस ना, ते सांगू नकोस. अधिक-उणे किती हेच मी तेव्हाही बघायचे आणि आजही तेच बघते.

चिऊला इंजिनिअरिंग आवडत असतं तर मी एक शब्द बोलले नसते. पण तिला फिजिक्स हवंय, तर नेस्ट आणि आयसर या विज्ञान संस्थांची आयएटी, या दोन्ही प्रवेश परीक्षा द्यायला लाव. नेस्टमधून कलिन्याच्या सीईबीएस या विज्ञान केंद्रात मिळालं तर पाच वर्षांची एमएस्सी घरी राहूनच होईल. पहिल्या वर्षापासून पायथॉन शिकायचं, लॅबचा स्वतःचा डेटा घेऊन, क्लास लावून नव्हे. आणि तोपर्यंत टीआयएफआरवाल्यांचं रविवारचं 'चाय अँड व्हाय' असतं, विज्ञानावरच्या गप्पा, फुकट, त्याला तिला घेऊन जा, तूही बस.

शनिवारी संध्याकाळी फोन करते. चिऊला घरी थांबायला सांग, तिच्याशी वेगळं बोलायचंय. आईला नमस्कार.

तुझी,
माई